तिसरी पाटी

आमच्या वन्संना केसाएवढी जाडी म्हणजे डोंगर वाटतो. तुम्ही म्हणाल, बाई फेकतेय. मीही लग्न होऊन आले तेव्हा हेच म्हटलं होतं, तेही तोंडावर, कारण पोटात ठेवायची मला सवय नाही. वन्संनी माझ्या वेणीतला एक केस मागून घेतला, आपल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाटीवर आडवा ठेवला, त्यावर पोलादाचा एक चपटा ठोकळा ठेवला आणि माझं बोट धरून ठोकळ्याच्या कोपऱ्यावर टेकवलं. ठोकळा डुगडुगला. केस काढला, पुन्हा बोट टेकवलं, तर ठोकळा ढिम्म. "कळलं?" त्या म्हणाल्या. कळलं कसलं, अंगावर काटा आला माझ्या! जन्मापासून मी ते केस डोक्यावर वागवत होते आणि त्यांना जाडी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्या नवऱ्याहून मोठी, मोठ्या भाऊजींहून लहान. तिघंही फिटर आणि त्यांचे वडील, म्हणजे माझे मामंजी, तेही फिटर. फिटर म्हटलं की लोकांना वाटतं नळ दुरुस्त करणारा. तसं नाही. मशीनवर लोखंड कापून आणलं तरी ते लोखंडाला नीट बसत नाही, कुठे घासतं, कुठे अडतं. ते हाताने, कानशीने, हळूहळू घासून एकात एक बसवायचं, हे आमच्या घरचं काम. मी शिंप्याच्या घरची. आमच्याकडे कापड जरासं चुकलं तर ओढून घेतात, वरून दाबून इस्त्री मारतात आणि गिऱ्हाईक आरशात बघून खूश. लोखंड ओढून बघा म्हणावं!

खाली दुकान आणि वर घर. दुकानात खिडकीखाली कामाचा लांब बाक आहे, तेल पिऊन पिऊन काळा झालेला. बाकाच्या एका टोकाला मोठ्या भाऊजींचा व्हाइस, दुसऱ्या टोकाला आमच्या ह्यांचा. व्हाइस म्हणजे लोखंड आवळून धरायचा तो जबडा. भिंतीवर कानशी आपापल्या खिळ्याला, त्यांच्याखाली हातोड्या, छिन्न्या, गुण्या. बाकाचा मधला भाग मात्र रिकामा. तिथे लाकडावर चार काळे ठिपके होते, नाण्यांएवढे, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असावेत तसे. लोखंडाचा भुगा नेमका त्यांच्यावरच जाऊन चिकटायचा. झाडलोट माझ्याकडे, त्यामुळे त्या ठिपक्यांना मी रोज मनसोक्त शिव्या द्यायची. कसले डाग आहेत म्हणून एकदा विचारलं, तर मोठे भाऊजी म्हणाले, "पूर्वी काहीतरी बसवलेलं असेल." मी म्हटलं, असेल.

आणि वन्संचा व्हाइस? तो जिन्याखाली. एका जाड फळीवर बोल्टांनी आवळलेला, लहानसा, मामंजींनी त्यांना त्या परकरात असताना आणून दिलेला. शेजारी फुलं-बाहुल्या घेऊन खेळणाऱ्या मुली आणि ही आपली अंगणात खिळे कानसत बसलेली. पुढे लग्न झालं, सासरी पटलं नाही. एक दिवस त्या एका पिशवीनिशी परत आल्या. पिशवीत दोन साड्या आणि एक कानस. का आलीस, कशी आलीस, मामंजींनी एक अक्षर विचारलं नाही. जिन्याखाली फळी टाकली, तिच्यावर तो जुना व्हाइस बसवला आणि म्हणाले, "ही पट्टी सपाट करून दे." एवढंच त्यांचं स्वागत. हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं.

जिन्याखाली उजेड कमी. उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं, म्हणून त्या मान एका बाजूला कलवून कानसतात. तरीही तिघांच्या कामांचा शेवटचा हात त्यांचाच. दोघं भाऊ ढोबळ काम करणार आणि मग माल जिन्याखाली जाणार. वर स्वयंपाक करताना नुसत्या आवाजावरून मी सांगायची, कोण कानसतंय. मोठे भाऊजी, खर्रर्र, खर्रर्र, जणू कुणावर राग काढतायत. आमचे हे, मध्येच थांबणार, मध्येच शीळ घालणार. आणि वन्संचा आवाज असा की तो चालू आहे हे तो थांबल्यावरच कळायचं.

मी एकदा हौसेने कानस हातात घेतली होती. वाटलं, त्यात काय, पुढे-मागे तर करायचं. वन्सं म्हणाल्या, "पुढे जाताना दाब, मागे येताना नुसती आण. आणि पुढे जाता जाता भार या हातातून त्या हातात सरकू दे, नाहीतर कानस झोपाळ्यासारखी डुलेल." मी दाबली, आणली, सरकू दिला. घामाघूम होऊन बघते तर माझा सपाट तुकडा अंड्यासारखा गोल! आमचे हे इतके हसले, इतके हसले की मी त्यांना दुपारचा चहा दिला नाही. वन्संनी तो तुकडा घेतला, माझ्याशी गप्पा मारता मारता घासला, काटकोन बघायच्या गुण्याची कड त्याला लावून खिडकीकडे धरला. कड आणि लोखंड यांच्यामधून उजेडाचा दोरासुद्धा येत नव्हता. माणसाच्या हाताला खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे, सगळं गोल गोल फिरणारं. त्या गोल फिरणाऱ्या हातातून ही सरळ रेघ येते कुठून? मला आजही कळलेलं नाही.

आता पाटीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सपाट केलेलं सपाट झालं का हे बघायला आधी एक सपाट वस्तू हवी. ती म्हणजे बिडाची जाड पाटी. घडी घातलेल्या वर्तमानपत्राएवढी दिसते, पण उचलायला दोन्ही हात आणि तोंडातून एक "हं" लागतो. पाटीवर निळा रंग बोटाने अगदी पातळ फासायचा, काम तिच्यावर ठेवून जरासं सरकवायचं आणि उचलायचं. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा. तो खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा खरवड. सगळीकडे सारखे निळे ठिपके आले की काम सपाट.

मामंजींनी तरुणपणी अशा तीन पाट्या केल्या होत्या. वर्षातून एकदा ते दुकानाचं दार लावून घ्यायचे आणि तिन्ही पाट्या घेऊन बसायचे. हिच्यावर ती, तिच्यावर ती आणि तिसरीवर पहिली. त्या दिवशी गिऱ्हाईक आलं तरी दार उघडायचं नाही. मुलं म्हणायची, म्हातारपणाचं खूळ. मामंजी गेल्यावर वाटणी सोपी झाली, तीन मुलं आणि तीन पाट्या. मोठ्या भाऊजींनी एक घेतली, ह्यांनी एक घेतली, तिसरी वन्संच्या जिन्याखाली गेली. दोघं भाऊ अधूनमधून आपल्या पाट्या एकमेकींवर ठेवायचे, निळा लावून खरवडायचे, ठिपके जुळले की खूश व्हायचे. "दोन जुळल्या की झालं. तिसरीची काय गरज?" मोठे भाऊजी म्हणायचे आणि आमचे हे मान डोलवायचे. दादा म्हणेल ती पूर्व दिशा!

काही वर्षं बरी गेली. मग तक्रारी सुरू झाल्या. बाटल्यांना झाकणं बसवणाऱ्या मशीनच्या सरकपट्ट्या आम्ही करतो. एक पट्टी खाली, दुसरी तिच्यावर सरकते. खालची मोठ्या भाऊजींची, वरची ह्यांची. वन्संच्या हातून आल्यावर जोडी लावताना दोघं आपापल्या पाटीवर पट्टी टेकवून जराशी सारखी करायचे, की ती लोण्यासारखी सरकायची. कारखान्यात सुटी करून बसवली की अडून बसायची. नवी खालची पट्टी जुन्या वरच्या पट्टीशी जमेना, नवी वरची जुन्या खालच्या पट्टीशी जमेना. माल परत आला. दुरुस्त करून पाठवला, पुन्हा परत. शेवटी कारखान्याचा फोरमन स्वतः दुकानात आला. भला माणूस होता, ओरडला नाही. म्हणाला, "तुमच्या वडिलांच्या हातचा माल मी डोळे झाकून बसवायचो. पुढच्या खेपेला असंच झालं तर मला दुसरीकडे जावं लागेल."

तो गेल्यावर मोठे भाऊजी जिन्याखाली गेले, वन्संच्या हातची एक तयार पट्टी उचलली, आपल्या पाटीवर निळा लावून तपासली. पट्टी मध्येच टेकली, दोन्ही टोकं अधांतरी. "हे बघ," ते आमच्या ह्यांना म्हणाले, "आपण करून देतो ते बरोबर असतं. शेवटचा हात हिचा. ही घासून बिघडवते, मग आपण कितीही सारखं केलं तरी पुरत नाही." ह्यांनी आपल्या पाटीवर दुसरी पट्टी टेकवून बघितली, तीही जमली नाही. दोघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना, आमच्याकडे दोघांचं एकमत झालं आणि तिसरीच्या जिवावर बेतलं.

"उद्यापासून तू वहिनीबरोबर माल बांधायला बस," मोठे भाऊजी वन्संना म्हणाले. आणि लगेच पाना घेऊन त्यांनी वन्संच्या व्हाइसचे बोल्ट सोडले. चारही. व्हाइस उचलून कोपऱ्यात ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माल बांधायला मी बसतेच, त्यात काही कमीपणा नाही. पण वन्संना कानशीपासून तोडायचं म्हणजे काय? त्या बाईकडे दुसरं होतं काय या जगात? मी म्हटलं, "भाऊजी, एवढे हुशार आहात तर मामंजी असताना का नाही परत आला माल? तेव्हाही शेवटचा हात वन्संचाच होता." आमचे हे म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस." मी म्हटलं, "मी मध्ये नाही, कडेलाच उभी आहे, आणि कडेवरूनच दिसतंय तुम्ही दोघं कसे आहात ते!" बोलून बोलून माझा घसा सुकला. ज्यांच्यासाठी भांडत होते त्या मात्र रिकाम्या फळीवर हात ठेवून उभ्या होत्या, त्या चार भोकांच्या मध्ये.

मग त्या म्हणाल्या, "दादा, एकदा पाटी ठेवू दे. माझी. तुमच्या पाट्यांवर. मग तू म्हणशील तिथे बसते."

"ठेव की," मोठे भाऊजी म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

वन्संनी आपली पाटी आणली. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, तेलाचा हात दिलेली. मामंजींचंच धोतर ते. पाटी बाकावर ठेवून त्यांनी फडक्याने पुसली, मग तळहाताने पुसली आणि मग मनगटाच्या आतल्या बाजूने. तिथली कातडी सगळ्यात हळवी असते, एक कणसुद्धा तिला टोचतो. मग बोटाने निळा फासला, इतका पातळ की पाटी निळी आहे की नुसती गार दिसतेय ते कळेना. मोठ्या भाऊजींनी आपली पाटी उलटी धरून तिच्यावर टेकवली. जराशी सरकवली. उचलली.

त्यांच्या पाटीवर मधोमध निळं लागलं होतं. फक्त मधोमध.

"झालं?" भाऊजी म्हणाले. "पोट सुटलंय तुझ्या पाटीला. म्हणून मध्येच टेकली. अशा पाटीवर तपासतेस आणि वर..." आमचे हे खाली बघत होते. मला वाटलं, खरंच चुकल्या की काय वन्सं?

वन्संनी पाटी पुसली. पुन्हा निळा फासला. "आता तुझी," त्या ह्यांना म्हणाल्या. ह्यांनी आपली पाटी उलटी करून टेकवली, सरकवली, उचलली. बघितलं आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.  मी पुढे होऊन डोकावले. ह्यांच्या पाटीच्या चारही कडांना निळं होतं. मध्ये काही नाही, कोरी.

"दादा," वन्सं हळूच म्हणाल्या, "माझ्या पाटीला पोट असेल तर ती दोघांकडे पोटावरच टेकायला हवी ना? तुझ्याकडे मध्ये टेकली. ह्याच्याकडे कडांना टेकली. एकाच पाटीला पोट पण आणि खळगा पण, कसं असेल?"

मी शिंप्याची मुलगी, मला लोखंडातलं काय कळतं? पण हे कळलं. आमच्या वडिलांकडे एकदा मापाची फीत ताणून लांब झाली होती. त्याच फितीने माप घ्यायचे, त्याच फितीने कापायचे, सगळं जुळायचं. पण वहीत आधी लिहून ठेवलेल्या मापावरून गिऱ्हाइकाला नवा सदरा शिवून दिला की तो ढगळ. चूक चुकीशी जुळत होती. तसंच हे! मोठ्या भाऊजींच्या पाटीला पोट आलं होतं आणि ह्यांच्या पाटीला तेवढाच खळगा. पोट खळग्यात चपखल बसत होतं. दोघं इतकी वर्षं एकमेकांकडे बघून म्हणत होते, तू बरोबर, मीही बरोबर. आणि चुकीच्या पाट्यांवरून चुकीचा माल निघत होता, जोडीने गोड, सुटा केला की कडू.

मोठे भाऊजी हरणारा माणूस नव्हे. त्यांनी सगळं पुसलं, पुन्हा स्वतःच्या हाताने निळा लावला, पुन्हा टेकवलं. मध्ये. ह्यांची घेतली. कडांना. पाट्या फिरवून घेतल्या, खालच्या वर, वरच्या खाली. मध्ये, कडांना. त्यांचे हात निळे झाले, कपाळाला निळं लागलं. मग ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "म्हणून बाबा दार लावून बसायचे." इतकं हळू म्हणाले, जणू स्वतःलाच सांगत होते.

मला वाटलं, आता वन्सं बोलतील. मी असते तर अख्ख्या गल्लीला ऐकवलं असतं! त्या म्हणाल्या, "माझीसुद्धा अगदी बरोबर नसेल रे. तीही थोडी चुकली असेल. एकट्या पाटीला स्वतःचं काही कळत नाही. तिघींना एकत्रच बसवावं लागेल." आणि उठून दुकानाचं दार लावून घेतलं.

पुढचे काही दिवस मी जे बघितलं ते कुणाला सांगायला गेले तर शब्द पुरत नाहीत. तिघं तीन बाजूंना, मध्ये तीन पाट्या. हातात स्क्रेपर, जुन्या कानशीच्या टोकाला धार लावून केलेला. निळा लावायचा, टेकवायचं, जिथे लागलं तिथे बारीक खरवडायचं. जे निघायचं ते पावडरीसारखं, फुंकरीने उडेल इतकं. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर. भाऊजींच्या पाटीचं पोट उतरत चाललं, ह्यांच्या पाटीच्या कडा उतरत चालल्या, आणि वन्संच्या पाटीचाही एक कोपरा उंच निघाला. तो त्यांनी सगळ्यांना दाखवून खरवडला. कुणाकडेच मोजायला दुसरी सपाट वस्तू नव्हती. तीन वाकड्या पाट्या आणि तीन माणसं, बस्स. आणि तरी त्या तिघींच्या घासाघाशीतून, कुठूनही आणलेलं नसताना, सपाटपण येत होतं. मी दारात ताट घेऊन उभी राहायची आणि हाक मारायचं विसरायची. अहो, जगात पहिली सरळ वस्तू अशीच आली असेल ना? तिला कशावर टेकवून बघितलं असेल?

 एकदा मोठे भाऊजी खरवडता खरवडता थांबले आणि म्हणाले, "इथे बोट फिरव गं. मला लागत नाहीये." वन्संनी बोट फिरवलं, म्हणाल्या, "आहे. अजून जरा." भाऊजींनी निमूट खरवडलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला पत्ता विचारला नाही, त्या माणसाने!

शेवटी निळे ठिपके तिन्ही पाट्यांवर सगळीकडे सारखे उठले, कुणालाही कुणावरही ठेवा. वन्संनी निळा पुसला, पाट्या कोरड्या स्वच्छ केल्या आणि एक पाटी दुसरीवर अलगद सोडली. "वहिनी, इकडे ये. एका बोटाने ढकल," त्या म्हणाल्या. मी करंगळी लावली. ते एवढं धूड, जे उचलायला "हं" म्हणावं लागतं, ते माझ्या करंगळीने पाण्यावरच्या पानासारखं सुळकन सरकलं. मी किंचाळलेच! "मध्ये हवा अडकलीय," आमचे हे म्हणाले. मग वन्संनी वरची पाटी दाबून, फिरवून बसवली आणि भावांना म्हणाल्या, "आता उचला." दोघांनी वरची पाटी दोन्ही बाजूंनी धरून उचलली. खालची तिच्याबरोबर वर आली. गोंद नाही, चुंबक नाही, काही नाही. क्षणभर लटकली आणि मग वन्संच्या हातात उतरली. मी हात जोडले. कुणाला जोडले ते विचारू नका.

दार उघडलं. दुकान सुरू झालं. पण वन्संचा व्हाइस अजून कोपऱ्यातच पडलेला. मोठे भाऊजी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. मी ठरवलं, जेवण होईपर्यंत वाट बघायची आणि मग असं भांडायचं की भाऊजींनी जन्मात विसरता कामा नये. वन्सं माझ्याशेजारी खरंच माल बांधायला बसल्या होत्या, कागद घडी घालून कोपरे दुमडत. त्यांची घडीसुद्धा काटकोनात!

भाऊजी उठले. लोखंडावर रेघ ओढायची टोकदार सळई असते, ती त्यांनी उचलली आणि बाकाच्या मध्यावर वाकले. त्या चार काळ्या ठिपक्यांपैकी एकात त्यांनी टोक खुपसलं. भुगा निघाला, त्याच्याखालून मळकट मेण निघालं, वेटोळी होऊन. ठिपका नव्हताच तो, भोक होतं, बाकाच्या आरपार. त्यांनी दुसरं साफ केलं. तिसरं. चौथं. शोधावी लागली नाहीत त्यांना, मेण कुठवर आहे हेही बघावं लागलं नाही. मग कोपऱ्यातला व्हाइस त्यांनी उचलला, बाकावर आणून ठेवला आणि एका भोकात बोल्ट सोडला. बोल्ट बोटांनीच आत गेला. दुसराही. चारही. कुठे ठोकावं लागलं नाही, कुठे घासावं लागलं नाही.

वन्सं कधी उठून बाकाशी आल्या मला कळलं नाही. "ही भोकं..." त्या म्हणाल्या. "ही तर ह्याच व्हाइसची आहेत."

"हो. बाबांनी पाडली होती," मोठे भाऊजी म्हणाले. ते वर बघत नव्हते. "तुला व्हाइस आणला ना, तेव्हाच. तुला बाकावर घेणार होते, माझ्या शेजारी. मी म्हटलं, बहीण बाकावर उभी राहिली तर मी दुसरीकडे कामाला जाईन. माझे दोस्त हसतील म्हणून. आणि भोकं मीच बुजवली."

  वन्संनी विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

"रागावले नाहीत. शेजारी उभं राहून बघत होते." भाऊजींनी मेणाचं एक वेटोळं बोटांत धरलं. "मी शिसं वितळवायला घेतलं होतं. तर म्हणाले, शिसं ओतू नकोस, मेण भर. शिसं पुन्हा निघत नाही."

वन्संनी दोन्ही तळहात व्हाइसच्या थंड जबड्यावर ठेवले आणि तिथे, खिडकीच्या भरपूर उजेडात, पहिल्यांदाच मान सरळ करून उभ्या राहिल्या. मग त्यांनी भाऊजींच्या हातातला पाना घेतला आणि बोल्ट आवळायला लागल्या.